लेकरांच्या चालीने



प्रवासाला निघायची वेळ होते, घरातल्या लहान लेकराला काहीतरी होते आणि सगळे जिथल्या तिथे थांबते. हा अनुभव नसलेले घर आपल्या तीर्थपुरी परिसरात शोधून सापडणार नाही. सप्टेंबर महिन्यात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जायचे ठरलेले असते. चार घरांनी वर्गणी करून क्रुझर गाडी ठरवलेली असते. पहाटे चारला उठून भाकरी आणि ठेचा बांधून होतो. गाडी दारात येऊन हॉर्न वाजवते आणि नेमके तेव्हाच तीन वर्षांचे पोर नाक चोळत रडू लागते. खोदून खोदून विचारल्यावर कळते, की खेळता खेळता त्याने हरभऱ्याचा दाणा नाकात घातला आहे.

जिवावर बेतलेले काही नसते. पण दवाखाना उघडायला वेळ असतो. तिथे जमले नाही तर अंबडला किंवा जालन्याला न्यावे लागते. दोन-तीन तास सहज जातात. सकाळची मिस्सा चुकणार हे उघड होते. गाडीवाला घड्याळ दाखवतो, गाडीत बसलेली माणसे खाली उतरतात आणि अंगणात बोलणे सुरू होते.

अशा वेळी तीन वाक्ये ठरल्यासारखी कानावर येतात. एक जण आईला विचारतो, “लक्ष कुठे होते तुझे?” दुसरा उसासा टाकतो, “देवाच्याच मनात नव्हते आपण जावे.” तिसरा समजूत घालतो, “बरे झाले, पुढे काहीतरी मोठे होणार होते ते टळले.” तिन्ही वाक्ये बोलणारे आपलेच असतात आणि बहुतेक वेळा प्रेमानेच बोलतात. तरीही श्रद्धावंत म्हणून या तिन्ही वाक्यांचा आपण शांतपणे विचार करायला हवा. एवढ्याशा दाण्यामुळे आपण देवाला कसे समजतो आणि एकमेकांना कसे वागवतो, हे उघडे पडते.

आधी लेकराकडे

विचार नंतर करू. आधी लेकराकडे पाहू, कारण धर्माचे पहिले पाऊल तेच आहे.

नाकात काही अडकले तर घरात केसांची पिन, आगकाडी किंवा बोट घालून काढायचा प्रयत्न करू नये. वस्तू आणखी आत सरकते आणि रक्त येते. हरभरा, वाटाणा, चिंचोका अशी कोरडी बी ओलाव्याने फुगते, म्हणून नाकात पाणीही घालू नये. मुलाला आडवे न निजवता बसवून ठेवावे, तोंडाने श्वास घ्यायला सांगावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. घड्याळातला किंवा खेळण्यातला बटणासारखा गोल सेल नाकात अथवा पोटात गेला असेल, तर मात्र एक मिनिटही थांबू नये. असा सेल दोन तासांतच आतली कातडी जाळू लागतो. श्वास अडकला असेल तर १०८ क्रमांकाला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ सालापासून चालू आहे.

डॉक्टर कधी कधी एक साधा उपाय आईकडूनच करून घेतात. मुलाला मांडीवर घेऊन आईने आपले तोंड त्याच्या तोंडावर घट्ट ठेवायचे, मोकळी नाकपुडी बोटाने बंद करायची आणि एक छोटी, जोराची फुंकर मारायची. दाणा पुष्कळदा बाहेर येतो. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या एका डॉक्टरांनी १९६५ साली हा उपाय सांगितला आणि वैद्यकशास्त्रात त्याला ‘आईची पापी’ अशा अर्थाचे नाव पडले. २०१२ साली या उपायाच्या अनेक नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा दहापैकी सुमारे सहा मुलांना त्याचा गुण आल्याचे दिसले. घरी स्वतःच्या मनाने हा प्रयोग करू नये, डॉक्टरांना विचारूनच करावा. पण त्यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मूल घाबरून रडत असेल, ओढाताण करीत असेल, तर हा उपाय चालत नाही. ते आईच्या मांडीवर निश्चिंत असावे लागते.

“लक्ष कुठे होते तुझे?”

आता पहिल्या वाक्याकडे वळू. या वाक्यात प्रश्नचिन्ह असले तरी तो प्रश्न नसतो. उत्तर आधीच ठरलेले असते आणि आरोपीही ठरलेली असते. पहाटे चारला उठून सगळ्यांच्या भाकरी जिने थापल्या, तिचेच लक्ष नव्हते असा निकाल लागतो. बाप, काका, आजोबा अंगणातच उभे होते, पण त्यांच्या लक्षाचा विषय कोणी काढत नाही.

पवित्र शुभवर्तमानात एका कुटुंबाच्या प्रवासाचा असाच खोळंबा झालेला आहे (लूक २:४१-५२). पवित्र कुटुंब वल्हांडण सणासाठी येरुशलेमला गेले होते. सण आटोपून यात्रेकरूंचा तांडा परत निघाला. बारा वर्षांचा येशू तांड्यात कुठेतरी असेल असे धरून मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले. संध्याकाळी नातेवाइकांत आणि ओळखीच्यांत शोधले तर मुलगा नाही. ती दोघे उलट पावली येरुशलेमला परतली आणि तीन दिवसांनी तो त्यांना मंदिरात सापडला. येशूला काही दुखापत झाली नव्हती हे खरे, पण आईबापाच्या काळजाचे त्या तीन दिवसांत काय झाले असेल हे कोणत्याही पालकाला सांगावे लागणार नाही.

या प्रसंगात मरिया योसेफाला दोष देत नाही आणि योसेफ मरियेला दोष देत नाही. संत लूकने त्या दोघांतले एकही आरोपाचे वाक्य लिहून ठेवलेले नाही. मुलगा सापडल्यावर मरिया त्याला आपली व्यथा सांगते, तेव्हाही ती आधी योसेफाचे नाव घेते आणि मग स्वतःचे. शोधणारी दोघे होती आणि कष्टी झालेलीही दोघेच होती, असे तिच्या बोलण्यातून स्पष्ट होते. मुलावर लक्ष ठेवणे ही दोघांची जबाबदारी होती, म्हणून त्याला शोधत परत जाणेही दोघांचेच काम झाले.

दोष देण्याने आणखी एक नुकसान होते, आणि ते थेट लेकराचे होते. आईला बोलणी बसताना मूल पाहते. पाठीत धपाटा बसला तर ते कायमचे लक्षात ठेवते. पुढच्या वेळी कानात खडा गेला, नाकात मणी गेला, तर ते सांगत नाही. मग आठ-पंधरा दिवसांनी एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येऊ लागतो आणि तेव्हा कुठे खरा प्रकार कळतो. भीतीने घरात शिस्त आल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात मुले लपवायला शिकतात. ज्या घरात चूक सांगता येते, त्या घरात इलाज लवकर होतो. दाण्याच्या बाबतीत हे खरे आहे, तसे पापाच्या बाबतीतही खरे आहे. प्रायश्चित्त संस्काराला जाताना आपण दयाळू पित्याकडे जातो. तो धपाटा घालणारा असता, तर आपणही आपला खडा लपवूनच ठेवला असता.

याचा अर्थ सावधगिरी नको असा नाही. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत, सुटे मणी आणि सेल वर ठेवावेत, हे प्रत्येक घराने पाळायला हवे. पण ते शांत वेळी, सगळ्यांनी मिळून ठरवावे. दारात गाडी उभी असताना एकटीच्या डोक्यावर ते फोडू नये.

“देवाच्याच मनात नव्हते”

दुसरे वाक्य अधिक नाजूक आहे, कारण त्यात देवाचे नाव आहे. मूल दुखावले, गाडी थांबली, म्हणून आजी विचारात पडते. “नवसात काही कमी पडले का? मागच्या वर्षी मेणबत्ती लावायची राहिली, त्याचे तर हे नाही?” कोणी त्याहून पुढे जाऊन सुनेचा पायगुण काढतो.

आजीच्या भक्तीचा मान राखूनही इथे नम्रपणे सांगितले पाहिजे, की आपला देव असा नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९:१-३). जन्मभराच्या अंधत्वामागे पापाचा हिशेब शोधू नका असे जो प्रभू सांगतो, तो हरभऱ्याच्या दाण्यामागे विसरलेली मेणबत्ती शोधायला सांगेल का? मरियामाता तर स्वतः मूल हरवल्याचे दुःख सोसलेली आई आहे. आपल्या दर्शनाला येणाऱ्या लेकराच्या नाकात ती दाणा अडकवील, ही कल्पनाच तिला न शोभणारी आहे.

मिस्सा चुकल्याचीही अनेकांना टोचणी लागते. रविवारची मिस्सा हे आपले गंभीर कर्तव्य आहे, यात शंका नाही. पण ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातच (परिच्छेद २१८१) आजारपण आणि तान्ह्या मुलांची काळजी ही या कर्तव्यातून सूट मिळण्याची गंभीर कारणे म्हणून दिलेली आहेत. दवाखान्याच्या बाकावर लेकराला कुशीत घेऊन बसलेली आई देवाची आज्ञा मोडत नसते. त्या वेळी तिच्यासाठी देवाची आज्ञा त्या बाकावरच असते. नवस राहून गेल्याचे मनाला लागत असेल तर फादरांशी बोलावे. मनात कुढत राहू नये.

“बरे झाले, मोठे टळले”

तिसरे वाक्य सगळ्यांत गोड आहे आणि म्हणूनच त्याच्याकडे नीट पाहायला हवे. उशीर झाला, आपण चिडलो, नंतर कळले की आधीची गाडी घाटात उलटली. मग आपण छातीवर क्रूसाची खूण करून म्हणतो, देवानेच पोराच्या नाकात दाणा घालून आपल्याला वाचवले.

आभार मानणे योग्यच आहे. जीव वाचला तर आभार मानायचे नाहीत तर कधी मानायचे? पण या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आपण उच्चारत नाही. देवाने आपल्याला थांबवले असेल, तर त्या आधीच्या गाडीतल्यांना का थांबवले नाही? त्यांच्या घरी लेकरे नव्हती का? २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या मांढरदेवी यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक माणसे दगावली. ती सगळी देवाच्याच ओढीने गेलेली होती. त्या दिवशी जो कोणी वाटेत अडकून उशिरा पोहोचला असेल, त्याने गुडघे टेकून आभार मानले तर कोणी हसू नये. पण देवाने मला मोजून बाजूला काढले आणि त्यांना सोडून दिले, असे त्याने म्हटले, तर ते मेलेल्यांच्या आईबापांच्या तोंडावर म्हणता येईल का? जे वाक्य दुःखी माणसासमोर बोलता येत नाही, ते देवासमोर बोलतानाही दहा वेळा विचार करावा.

प्रभू येशूच्या काळातही हा प्रश्न होता. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असे त्याने स्पष्ट बजावले (लूक १३:४-५). मेलेले अधिक पापी नव्हते, तर वाचलेले अधिक लाडकेही नव्हते. प्रभूने त्या बातमीचा उपयोग एकाच कामासाठी केला. ऐकणाऱ्याने स्वतःचे जीवन बदलावे, पश्चात्ताप करावा, एवढेच त्याने मागितले.

आणि बहुतेक वेळा तर काहीच टळलेले नसते. आधीची गाडी सुखरूप पोहोचते. तिच्यातल्या माणसांना पुढची जागा मिळते, माउलीचे दर्शन मनासारखे होते. आपण दुपारी धुळीत, गर्दीच्या शेवटी उभे असतो. मग तो उशीर वाया गेला का? उशिराला अर्थ यायला त्याच्यामागे अपघात टळलेला असायलाच हवा का? देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टींत देव कल्याण साधतो, असे संत पौल रोमकरांस लिहितो (रोम ८:२८). सगळ्या गोष्टी देवच घडवून आणतो असे तो म्हणत नाही. हा फरक लहान दिसतो, पण त्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. दाणा नाकात घातला तो लेकराने. त्या दोन-तीन तासांत देव काय करू पाहत होता, हे शोधायचे असेल तर घाटाकडे पाहायला नको. अंगणात आणि दवाखान्यात पाहावे लागते.

याकोबाची चाल

जुन्या करारात एक प्रसंग आहे, तो आपण फारसा वाचत नाही (उत्पत्ती ३३:१२-१४). वीस वर्षांच्या दुराव्यानंतर याकोब आणि एसाव हे भाऊ भेटतात. एसावाबरोबर चारशे माणसे आहेत. गळाभेट झाल्यावर एसाव म्हणतो, चला, बरोबरच पुढे जाऊ. याकोब नकार देतो. माझी मुले कोवळी आहेत, कळपात दूध पिणारी पिल्ले आहेत, एक दिवस जरी त्यांना दामटले तरी ती मरतील, म्हणून तू पुढे हो, मी मुलांच्या आणि गुरांच्या चालीने सावकाश येतो, असे त्याचे म्हणणे असते.

याकोबाच्या मनात भावाची थोडी भीतीही उरली असेल. पण त्याने सांगितलेले कारण खरेच होते. ज्याने मेंढरे वळली आहेत त्याला हे शिकवावे लागत नाही. कळप सर्वांत धडधाकट मेंढ्याच्या चालीने हाकला, तर संध्याकाळी वाड्यात कोकरे कमी भरतात. शिवाय याकोब स्वतः त्या दिवशी लंगडत होता. आदल्या रात्रीच्या झुंजीत त्याच्या मांडीचा सांधा उखळला होता. हळू चालावे लागणे म्हणजे काय, हे त्याला आदल्या दिवसापेक्षा त्या दिवशी अधिक कळत होते.

दुसरा प्रसंग रानातल्या प्रवासाचा आहे. मोशेविरुद्ध बोलल्यामुळे मिर्यामेला कोड फुटले आणि सात दिवस छावणीबाहेर राहावे लागले. वचनदत्त देशाकडे निघालेले सगळे लोक ती परत येईपर्यंत मुक्कामावरच थांबले (गणना १२:१५). इथे तर चूक तिची स्वतःचीच होती. तरीही कोणी पुढे गेले नाही. चूक कोणाची याचा निकाल लागल्यावरही थांबायचे की नाही हा प्रश्न उरतोच, आणि देवाची प्रजा थांबली.

संत ब्लेझ यांच्याविषयी तर ख्रिस्तसभेची परंपराच आहे. ते आर्मेनियातील सेबास्ते नगरीचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील सिवास शहराचे, महागुरू होते. सुमारे ३१६ साली ते रक्तसाक्षी झाले. परंपरा सांगते, की शिपाई त्यांना तुरुंगाकडे नेत असताना वाटेत एका आईने घशात माशाचा काटा अडकलेले आपले मूल त्यांच्यापुढे आणले. मरणाच्या वाटेवर असतानाही ते त्या मुलासाठी थांबले, प्रार्थना केली आणि मूल वाचले. म्हणूनच ३ फेब्रुवारीला दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून घशाचा आशीर्वाद दिला जातो. पुढच्या वेळी तो आशीर्वाद घेताना आठवण ठेवू या, की ही प्रथा लेकराच्या अशाच एका किरकोळ वाटणाऱ्या अपघातातून आणि थांबलेल्या प्रवासातून आलेली आहे.

या तिन्ही प्रसंगांतून एकच उत्तर मिळते. कुटुंबाचा वेग ठरवण्याचा अधिकार त्यातल्या सर्वांत दुबळ्या माणसाचा आहे. लेकरामुळे प्रवासाला उशीर झाला असे आपण म्हणतो, तेव्हा मोठ्यांची चाल हीच खरी चाल असे धरून चालतो. लेकराच्या चालीने पाहिले, तर उशीर झालेलाच नसतो. कुटुंबाला तेवढाच वेळ लागणार होता.

गाडी कोणासाठी थांबते?

पण इथेच थांबलो तर हा विचार अर्धवट राहील, कारण उशिराची किंमत कोणीतरी मोजत असते.

क्रुझरमधली बाकीची तीन घरे काय करणार? त्यांनीही वर्षभर वाट पाहिलेली असते. याईराची मुलगी मरणाच्या दारात होती आणि येशू त्याच्या घरी निघाला होता, तेव्हा वाटेत रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीसाठी तो थांबला (मार्क ५:२१-४३). थांबलेल्या त्या क्षणांत याईराचा जीव कसा झाला असेल! एकासाठी थांबणे म्हणजे दुसऱ्याला ताटकळत ठेवणे, हे शुभवर्तमान लपवत नाही. म्हणून प्रत्येक वेळी सगळ्यांनी थांबलेच पाहिजे असा नियम करता येणार नाही. गाडीत कोणाला परीक्षेला जायचे असेल, कोणाला डायलिसिसला जायचे असेल, तर त्यांचा विचार वेगळा. पण आपण एवढे तरी नक्की करू शकतो, की लेकराच्या आईबापांना मागे एकटे सोडून कोणी जाणार नाही. निदान एक जण त्यांच्याबरोबर थांबेल, आणि त्यांच्या वाट्याची वर्गणी बुडाली असे कोणी म्हणणार नाही.

याहून कठीण प्रश्न आपल्या परिसरातल्या दुसऱ्या एका प्रवासाचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. बीड आणि जालना जिल्ह्यांच्या गावोगावी हे दृश्य दिसते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत हंगाम संपत नाही. भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या आणि लेकरे त्याच ट्रकमध्ये चढतात. निघायच्या दिवशी लेकराच्या अंगात ताप असला, पायात काटा रुतून पाय सुजला असला, तर ट्रक थांबत नाही. पुढे फडावरही कामाचा एक दिवस चुकला, की तो खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे कापले जातात. कोपीत तापलेले लेकरू थोरल्या बहिणीच्या मांडीवर ठेवून आईला ऊस तोडायला जावे लागते.

तिथे “लक्ष कुठे होते तुझे” असे त्या आईला विचारायचा अधिकार कोणाला आहे? तिचे लक्ष लेकराकडेच होते. थांबायची ऐपत तिच्याकडे नव्हती. यात्रेची गाडी दोन तास थांबवता येणे हेसुद्धा एक सुख आहे, हे क्रुझरच्या दारात कुरकुरताना आपल्या ध्यानात येत नाही. लेकराच्या चालीने चालण्याचा हक्क ज्यांच्याकडून काढून घेतला गेला आहे, अशी कुटुंबे आपल्या शेजारीच राहतात. त्यांना चार शब्द उपदेशाचे ऐकवणे सोपे आहे. त्यांच्या थांबण्याचा खर्च वाटून घेणे हे धर्मग्रामाचे काम आहे.

ते कसे करता येईल? हंगामाला निघण्याच्या आठवड्यात आजारी असलेले लेकरू बरे होईपर्यंत गावातल्या एखाद्या घरी ठेवून घेता येते. दवाखान्यात सोबत जाता येते. मुकादमाशी चार वडीलधाऱ्यांनी मिळून बोलले, तर ट्रक दुपारी निघू शकतो. एकट्या बापाच्या विनंतीला जो मान मिळत नाही, तो पाच जणांच्या उभे राहण्याने मिळतो. निघताना तापाचे औषध, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटे आणि लेकराचे लसीकरणाचे कार्ड त्यांच्याबरोबर आहे का, एवढे पाहणे तर कोणालाही जमेल. याला पैसा थोडा लागतो, वेळ मात्र द्यावा लागतो.

या आठवड्यात

रविवारच्या जेवणानंतर घरातल्या सगळ्यांनी मिळून पुढील प्रश्नांवर थोडे बोलावे:

१. आपल्या घरात लहान मूल चूक झाली तर लगेच सांगते का, की घाबरून लपवते?

२. लेकराला काही झाले, तर दोष कोणावर जातो? तो नेहमी एकाच व्यक्तीवर जातो का?

३. आपल्या आळीत थांबण्याची ऐपत नसलेले कुटुंब कोणते आहे? येत्या हंगामापूर्वी आपण त्यांच्यासाठी काय करू शकतो?

आणि शेवटी सर्वांनी मिळून ही प्रार्थना करावी:

हे प्रभू येशू, तू बालक होऊन आमच्यात आलास आणि मरिया व योसेफ यांच्या हाताला धरून चाललास. आमची गाडी थांबली की आमची जीभ सुटते, तेव्हा आम्हांला आवर. एकमेकांना दोष न देता लेकराला उचलून घेण्याची बुद्धी दे. ज्यांची गाडी कोणासाठीच थांबत नाही, त्यांच्यासाठी थांबण्याचे बळ आम्हांला दे. हे मरियामाते, तीन दिवस आपल्या बाळाला शोधणाऱ्या आई, दवाखान्याच्या दारात बसलेल्या प्रत्येक आईजवळ आज तू बस. आमेन.